फिंचसाठी घरचं खाणं: राळं, नाचणी, अंडं, पाला कसा निवडायचा आणि कसा घालायचा

सकाळी पिंजऱ्यातली वाटी बघितली तर काठोकाठ भरलेली दिसते, आपण म्हणतो चला आज घालायला नको, आणि दुपारी वाटीवर हलकी फुंकर मारली की सगळा कोंडा उडून जातो आणि तळाला चार दाणे राहतात. फिंच हे चिमणीसारखं इवलंसं पाळीव पाखरू दाणा अख्खा गिळत नाही, चोचीत फिरवून वरचं टरफल काढतो, आतला गर खातो आणि टरफल परत वाटीतच टाकतो. एवढ्याशा पाखराला दिवसभर पोट रिकामं ठेवून चालत नाही, एक दिवस जरी खाणं मिळालं नाही तरी ते दगावू शकतं. म्हणून सगळ्यात आधी हे, रोज सकाळ संध्याकाळ वाटीवर फुंकर मारायची आणि मगच ठरवायचं की खाणं आहे का संपलंय.

आमच्याकडे बेळगावातल्या वडगावला गेली काही वर्षं झेब्रा फिंच आहेत आणि मधे बेंगालीज जातीचे दोन फिंच पण होते. सुरवातीला सगळे देतात तेच मी पण द्यायचे, दुकानातली कांग, म्हणजे राळं, आणि पाणी, बास. त्यात एक मादी गेली, ते पुढे सांगते. त्यानंतर मी शिकत गेले आणि आता ठामपणे सांगू शकते की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात राहणाऱ्याला फिंचसाठी महागडं इंपोर्टेड फूड मागवायची काही गरज नाही, इथल्या बाजारात आणि स्वयंपाकघरात सगळं आहे, फक्त निवडता आलं पाहिजे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे सगळं झेब्रा, बेंगालीज, जावा, गोल्डियन अशा पिंजऱ्यातच पैदास झालेल्या परदेशी फिंचसाठी आहे. बाजारात कोणी लाल मुनिया किंवा ठिपक्यांची मुनिया विकत असेल तर घेऊ नका, ती आपली रानातली पाखरं आहेत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे.

पायरी १: मुख्य धान्य, आणि दुकानात होणारी चूक

फिंचचं मुख्य अन्न म्हणजे बारीक तृणधान्य. आपल्याकडे राळं, म्हणजे दुकानवाला जिला कांग म्हणतो ती, कन्नडमध्ये नवणे. मग वरी म्हणजे बरगू, आणि सावा म्हणजे सावे. या तिन्ही धान्यांची नावं दोन्ही भाषांत पाठ करून ठेवा, कारण रविवार पेठेत एका दुकानात नवणे मागितलं तर लगेच मिळतं आणि राळं म्हटलं की पोरगा तोंडाकडे बघत बसतो, पुढच्या दुकानात नेमकं उलटं.

आता चूक कुठं होते बघा. २०२३ साल मिलेटचं, म्हणजे याच तृणधान्यांचं, आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, आपल्या कर्नाटकात तर सिरिधान्य म्हणून आधीपासूनच बोलबाला होता, त्यामुळे आता किराणा दुकानात नवणे, सावे छान पाकिटात मिळतं. माणूस आनंदानं घेऊन येतो. पण ते असतं माणसांनी शिजवून खायचं, वरचं टरफल काढलेलं, म्हणजे राळ्याचा तांदूळ, भगर. टरफल गेलं की दाण्यातलं तेल लवकर खवट होतं, कोंड्यातली जीवनसत्त्वं कमी होतात, दाणा उगवायची शक्यता संपते. आणि फिंचला सोलून खायची जी दिवसभराची उद्योगाची सवय असते ती पण जाते. आपल्याला पाहिजे टरफलासकट दाणा. ओळखायची खूण सोपी आहे, टरफल असलेलं राळं गुळगुळीत आणि चकचकीत असतं, पिवळं, लालसर किंवा फिकट पांढरं, बोटात घेतलं की निसटतं. सोललेलं राळं मळकट पिवळं आणि कोरडं दिसतं, हाताला किंचित पीठ लागतं. दुकानात मागताना "पेरलं तर उगवंल असं पाहिजे" म्हणायचं, लगेच कळतं.

पण पेरायचं म्हणून कृषी सेवा केंद्रातलं बियाणं मात्र अजिबात आणायचं नाही. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी, लाल, निळा रंग चढवलेला असतो, ते विष आहे, धुवून पण जात नाही. पाहिजे ते शेतकऱ्यानं घरी खाण्यासाठी ठेवलेलं, टरफल न काढलेलं धान्य. माझी आत्या खानापूरकडची, ती नाचणी आणि कधी मिळालं तर राळं पाठवते, ते मी डोळे मिटून वापरते. राळ्याची अख्खी कणसं मिळाली तर सोडूच नका, पिंजऱ्याला आडवी बांधली की पाखरं लोंबकळून खातात आणि परदेशात हीच कणसं फिंचचा खाऊ म्हणून पाकिटातनं विकतात.

नाचणी, बाजरी आणि ज्वारीचं वेगळं आहे. त्यांचा दाणा मळणीतच उघडा होतो, त्यामुळं टरफलाचा प्रश्न नाही, आणून तसाच देता येतो. नाचणीत कॅल्शियम धान्यांमध्ये सगळ्यात जास्त, १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास, पण कोरडी नाचणी बरेच फिंच बाजूला सारतात, मोड आणून दिली की खातात. बाजरी बारीक दाण्याची असेल तरच झेब्राला जमते. ज्वारी त्यांच्या चोचीला मोठी, ती जावासाठी ठेवा, जावाला भात सुद्धा चालतो, टरफलासकट.

माझं किलोभर मिश्रण असं असतं: राळं अर्धा किलो, वरी किंवा सावा किंवा दोन्ही मिळून ३०० ग्रॅम, बारीक बाजरी १०० आणि नाचणी १००. कॅनरी सीड, हे एका गवताचं बी, मिळालं तर राळ्यातलं १०० ग्रॅम कमी करून ते घालते, नाही मिळालं तरी अडत नाही. एका झेब्राला दिवसाला साधारण एक छोटा चमचा लागतं, पण वाटीत थोडं जास्तच ठेवायचं.

कारळं, तीळ, जवस ही तेलबियांची मंडळी वेगळी ठेवा. कारळ्याची चटणी आपल्या भाकरीबरोबर रोज चालते पण पिंजऱ्यात बसलेल्या पाखराला रोज नको, त्यात जवळजवळ ४० टक्के तेल असतं. मुख्य मिश्रणात मिसळलं तर पाखरू तेवढंच शोधून खातं. बेळगावची थंडी कडक पडते तेव्हा किंवा पिसं झडायच्या काळात, आठवड्यातनं दोनदा, पाखरामागे एक चिमूट. तेवढंच. भुईमूग आणि मका मी पूर्ण बंद केलंय, आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष डोळ्याला दिसत नाही, लिव्हर खराब करतं.

पायरी २: आणलेलं धान्य तपासायचं

दुकानातनं आणलं की आधी वास घ्या. कोंदट, बुरसट, रॉकेलसारखा काहीही वास आला की परत. धान्यात कीड लागू नये म्हणून काही ठिकाणी गोळ्या ठेवतात, बोरिक पावडर लावतात, एरंडेल चोळतात, तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा, पाखरांना घालायचंय म्हणून. मग सुपात घेऊन पाखडा, खडे, माती, उंदराच्या लेंड्या, जाळी लागलेल्या गुठळ्या काढा. धूळ फार असेल तर दोन पाण्यानं धुवून, फडक्यावर पसरून फॅनखाली खडखडीत वाळवा, ओलसर राहिलं तर सगळं वाया. नंतर डबा भरून तीन चार दिवस फ्रीजरमधे ठेवला की किड्यांची अंडी मरतात.

आणि खरी परीक्षा ही. शंभर दाणे मोजा, ओल्या फडक्यात गुंडाळा, वाटीत झाकून ठेवा, अधनंमधनं पाणी शिंपडा. तीन चार दिवसात किती मोडले ते मोजा. ऐंशीच्या वर मोडले तर धान्य जिवंत आणि ताजं आहे. पन्नासाच्या आत असेल तर ते जुनं, मेलेलं धान्य, पोट भरेल पण अंगी लागणार नाही. ही परीक्षा करायला लागल्यापासून मी दोन दुकानं बदलली.

पायरी ३: मोड

माझ्या मते फिंचच्या खाण्यात सगळ्यात जास्त फरक मोडांनी पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रात्री झोपताना एक मोठा चमचा मिश्रण, दोन जोड्यांना एवढं पुरतं, वाटीभर पाण्यात भिजवायचं. सकाळी वर तरंगणारे पोकळ दाणे ओतून टाकायचे, चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली तीन चार वेळा चोळून धुवायचं. मग गाळणी तिरकी ठेवायची, पाणी पूर्ण निथळलं पाहिजे, वरनं ओलं फडकं. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा परत धुवायचं. उन्हाळ्यात चोवीस तासात आणि डिसेंबर जानेवारीत दीड दोन दिवसात दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका फुटतो, सुईच्या टोकाएवढा. तो दिसला की थांबायचं आणि घालायचं. लांब शेपट्या येऊ द्यायची गरज नाही.

वास मातीचा, ताजा आला पाहिजे. आंबूस आला, बोटाला चिकट तार लागली, की विचार न करता टाकून द्या, परत धुवून घालू असं म्हणू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस लागला की महिनाभर ऊन दिसत नाही, खानापूरकडे तर विचारूच नका, तेव्हा मोड फार लवकर बिघडतात. त्या दिवसात मी फक्त रात्रभर भिजवलेलं, धुतलेलं, फडक्यावर टिपून घेतलेलं धान्य देते आणि दोन तासांनी वाटी काढते. कोरड्या हवेत तीन चार तास चालतं.

पायरी ४: अंडं

तृणधान्यात प्रथिनं असतात पण लायसिनसारखे काही घटक फार कमी पडतात, म्हणून नुसत्या धान्यावर पिल्लं नीट वाढत नाहीत आणि पिसं फिकट, विस्कटलेली राहतात. अंडं ही कसर भरून काढतं.

एक अंडं बारा ते पंधरा मिनिटं उकळा, कच्चट नको. टरफल स्वच्छ असेल तर टरफलासकट बारीक करा, मी आधी टरफल वेगळं रव्याएवढं कुटून घेते. त्यात एक चमचा किसलेलं गाजर, आणि ओलसरपणा कमी करायला एक दोन चमचे भाजलेलं नाचणीचं पीठ. हातात घेऊन मुठीत दाबलं आणि सोडलं की सुटसुटीत पडलं पाहिजे, गोळा राहिला तर अजून थोडं पीठ. मीठ, तेल, साखर काही नाही. टोस्टचा चुरा घालायचा सल्ला खूप जण देतात, मी देत नाही, त्यात साखर आणि मीठ दोन्ही असतं.

एका पाखराला अर्धा चमचा, आठवड्यातनं दोनदा. जोडी अंड्यावर बसायच्या आधी आणि पिल्लं असताना रोज. झेब्राची मादी एका वेळी चार ते सहा अंडी देते, बारा ते चौदा दिवसांनी पिल्लं निघतात आणि पुढचे तीन आठवडे आईबाप घरट्यात भरवत राहतात, त्या तीन आठवड्यात सकाळ संध्याकाळ ताजं घाला. नेहमी मात्र रोज नको, सतत अंडं मिळालं की जोडी थांबतच नाही, अंडी घालत सुटते आणि मादी खचते. दोन तासांच्या वर वाटी पिंजऱ्यात ठेवायची नाही. उरलेलं बर्फाच्या ट्रेमधे चमचा चमचा घालून फ्रीजरमधे ठेवा, लागेल तसं काढा.

ज्यांच्या घरात अंडं येत नाही, आणि आपल्याकडे अशी घरं खूप आहेत, त्यांनी मन मोडून काही करू नये. जोडी लावलेली नसेल, घरटं दिलेलं नसेल, तर मोड आलेले मूग बारीक चिरून, शेवग्याचा पाला आणि मोडाचं धान्य यावर पाखरं चांगली राहतात. पण पिल्लं काढायची असतील तर अंड्याची बरोबरी मूग करत नाहीत हे खरं, मग नर मादी वेगळे ठेवा किंवा घरटं देऊ नका. आणि कडधान्य द्यायचं तर मूगच, राजमा वगैरे कच्चा कधीच नाही.

पायरी ५: कॅल्शियम

आता त्या मादीबद्दल. ती वर्षभर नुसत्या कांगेवर होती, त्यात सलग तीन वेळा अंडी घातलेली. एक दिवस सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाला कोपऱ्यात बसलेली दिसली, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटलेले, श्वासाबरोबर शेपटी खाली वर होत होती. मला वाटलं थंडी वाजतीय. दुपारपर्यंत ती गेली. अंडं पोटात अडकलं होतं. कॅल्शियम नसलं की टरफल मऊ राहतं आणि अंडं ढकलायला स्नायूत ताकद पण राहत नाही. असं दिसलं तर लगेच ऊब द्या, तापणाऱ्या साध्या बल्बजवळ ठेवा आणि तडक पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, वाट बघू नका.

उपाय किती साधा होता ते नंतर कळलं. समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचं हाड. आयुर्वेदिक काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पांढरा, लांबट, एका बाजूनं टणक आणि दुसऱ्या बाजूनं खडूसारखा मऊ. मऊ बाजू आत करून तारेनं पिंजऱ्याला बांधायचा, बास, पाखरं लागेल तसं कुरतडतात. गोव्याला, मालवणला गेलात तर किनाऱ्यावर फुकट सापडतो, तो मात्र तीन चार दिवस पाणी बदलत भिजवून, खारटपणा घालवून, उन्हात वाळवून घ्या. त्याच्या जोडीला अंड्याचं टरफल, दहा मिनिटं उकळून, तव्यावर कोरडं करून, रव्यासारखं कुटून वेगळ्या वाटीत कायम ठेवा. पानाचा चुना घाला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो तोंड भाजवतो.

आणि ऊन पाहिजे. कॅल्शियम अंगी लागायला डी जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातनं बनतं आणि खिडकीच्या काचेतनं आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही. सकाळी अर्धा तास पिंजरा बाहेर, अर्धा भाग सावलीत राहील असा, आणि जवळ माणूस पाहिजे, मांजर आणि घारीला एक मिनिट पुरतं.

पायरी ६: पाला, भाजी, गवत

पहिला नंबर शेवग्याच्या पाल्याचा. कन्नडमध्ये नुग्गे. ए जीवनसत्त्व, कॅल्शियम दोन्ही भरपूर आणि परसात झाड असेल तर फवारणीची भीती नाही. छोटी डहाळी धुवून पिंजऱ्याला अडकवा. मग कोथिंबीर, मेथी, गाजर किसून, रताळं उकडून. पालक आणि चाकवत कधीतरीच, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरतं. काकडी उन्हाळ्यात गारव्यापुरती, पोषण फार नाही.

पण पाखरांचा जीव कशात असेल तर गवताच्या हिरव्या कणसात. गणपती झाल्यावर बांधाला, मोकळ्या प्लॉटवर गवत फुलावर येतं, त्याची कोवळी कणसं, दाणा दाबला की दुधासारखं पाणी येतं अशी, चार पाच एकत्र बांधून लटकवा. नर कणीस पायाखाली दाबून एकेक दाणा ओढतो, मादी दुसऱ्या टोकानं, आणि पाच मिनिटात दांडे उरतात. जागा मात्र बघून निवडा. उसाच्या फडाला लागून असलेल्या बांधावरचं नको, तिथं तणनाशक मारलेलं असतं. रस्त्याकडेचं पण नको. बाजारातली भाजी मीठ न घालता साध्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, परत धुवून, पाणी झटकून द्या.

काय कधीच नाही

ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया, आणि मीठ किंवा फोडणी पडलेलं काहीही. फरसाण, खारे चुरमुरे, दूधब्रेड नको, आणि लहान मुलं प्रेमानं कुंद्याचा, आपल्या बेळगावच्या मिठाईचा, तुकडा पण घालतात, त्यांना समजावून सांगा. पहिल्या पावसात उडणारी पंखवाली वाळवी पकडून घालणारे आहेत, पण आजूबाजूला कुणी वाळवीचं औषध मारलंय का आपल्याला माहीत नसतं, मी घालत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका, नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुरानं फिंच मिनिटात मरतात.

पायरी ७: सवय लावायची कशी

फिंच नवीन खाण्याला घाबरतात. उपाशी ठेवलं की खातील हा सल्ला माणसाच्या पोरालाही बरा नाही आणि या पाखरांचा तर जीव घेतो, त्यामुळं नेहमीची धान्याची वाटी कधीच काढायची नाही. नवीन पदार्थ सकाळी उजाडल्यावर पहिल्यांदा घाला, तेव्हा भूक असते. रोज तीच वाटी, तीच जागा. वरनं थोडं ओळखीचं राळं भुरभुरा. नवं मिश्रण सुरू करताना पहिले चार दिवस एक चतुर्थांश, मग निम्मं, असं दोन आठवड्यात पूर्ण बदला.

या काळात सोनाराचा असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या आणि आठवड्यातनं एकदा छोट्या डब्यासकट वजन करा. झेब्रा साधारण बारा ते पंधरा ग्रॅमचा असतो. दीड ग्रॅम कमी झालं तर बदल थांबवा. छातीवरची पिसं फुंकरून बघा, मधलं हाड सुरीसारखं वर आलं असेल तर खाणं कमी पडतंय, हाडाच्या बाजूला पिवळी चरबी दिसली तर तेलबिया जास्त झाल्यात. पाला खाल्ल्यावर विष्ठा हिरवट आणि थोडी पातळ होते, त्याला घाबरू नका, पण पाला न घालता तशीच राहिली आणि पाखरू फुगून बसलं तर डॉक्टर.

आमच्या नव्या जोडीनं गाजर आठ दिवस शिवलं नाही. मी रोज सकाळी चिमूटभर किसून ठेवायचे आणि दहा वाजता वाळलेलं काढून टाकायचे. नवव्या दिवशी नरानं एक किस उचलला, झटकला, खाली टाकला, परत उचलला आणि खाल्ला. मादी तोवर वरच्या काठीवरनं बघत होती, मग ती पण उतरली. आता दोघांना दोन चिमटी पुरत नाहीत, तिसरी घालावी लागते.